सत्काराचा दिवस : आपल्या माणसाचा मान कसा झाला, ते लिहा (अनुभव धागा)

साखर पेठ (धागा उघडताना)

आमच्या सोलापुरातल्या पेठेच्या मंडळानं यंदा ठरवलं की १ मेचं झेंडावंदन झालं की पेठेतल्याच एका माणसाचा सत्कार करायचा. नाव निघालं सिव्हिल हॉस्पिटलमधून आया म्हणून निवृत्त झालेल्या मावशींचं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरी बसून मसुदा केला. ‘आपली निःस्वार्थ सेवा, आपला त्याग, आपली कर्तव्यनिष्ठा’ वगैरे. रात्री परत वाचला आणि अस्वस्थ झाले. त्यात मावशींची म्हणावी अशी एक ओळ नव्हती. नाव बदललं असतं तर कुणालाही चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. आधी नुसतं ‘कशाला ओ बाई, पगार घेत होते मी’. चहा झाला, शेंगाचटणीला कूट किती ते झालं, आणि मग ३० सप्टेंबर १९९३ निघाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून गाव झोपलेलं. मावशी रात्रपाळीला. पहाटे चारच्या सुमारास खाटा हलल्या. सकाळी पाळी सुटायच्या वेळेला किल्लारीकडून भूकंपातले जखमी यायला लागले, मिळेल त्या गाडीतून. मावशी म्हणाल्या, “जखम दिसतच नव्हती ओ. माती दिसत होती. नाकात माती, कानात माती, बाळाच्या तोंडात माती. डॉक्टरांनी हात लावायच्या आधी आम्हाला ती धुवायची होती.” त्या दोन दिवस घरी गेल्या नाहीत. एका बाईचं मंगळसूत्र सुजलेल्या गळ्यावरून कापावं लागलं. मावशींनी ते रुमालात बांधून तिच्याच उशीखाली ठेवलं, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत दर पाळीला रुमालाच्या गाठीवर हात ठेवून बघितला.

मी निघताना म्हणाल्या, “नाव वाचणार असाल तर आमच्या सहाजणींचं वाचा. एकटीनं बादल्या उचलल्या नाहीत मी.”

मानपत्रात रुमाल घेतला, बादल्या घेतल्या, उरलेल्या पाच नावांतली जी त्यांना आठवली ती घेतली. वाचत असताना चौकात रिक्षावाले थांबून ऐकत होते. मावशींचा नातू इंजिनिअरिंगला आहे. आपल्या आजीनं हे केलंय, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या कुणाचा असा मान झाला असेल तर लिहा. चुकला असेल तरी लिहा. नावं टाकू नका, माणूस कळू द्या.

अशोक चौक

माझे नायना (आम्ही तेलुगू, वडिलांना नायना म्हणतो) साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरींच्या कारखान्यात. दर तीन महिन्यांनी रक्त देतात. पुरुषांना त्याच्या आत परत देता येत नाही, त्यामुळे ५० वेळा व्हायला मधे एकही खंड न पडता बारा वर्षांच्या वर लागतात. नायनांना सतरा लागली. मधे एकदा कावीळ, एकदा हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आलं म्हणून परत पाठवलेलं. त्या दिवशी ते घरी कुणाशी बोलले नव्हते.

कामावर मजुरी नगावर. रक्त द्यायला गेले की अर्धी पाळी जाते. साचा बंद म्हणजे पैसा बंद. हे कधी कुणाला त्यांनी सांगितलं नाही. १४ जूनला रक्तदाता दिनी सत्कार झाला, तेव्हा रक्तपेढीत सुई लावणाऱ्या ताईंनी ते माइकवरून सांगितलं. आणि एक गोष्ट अशी केली की मी त्यांचे उपकार विसरणार नाही. आमची अव्वा, नायनांची आई, पुढच्या रांगेत बसली होती, तिला मराठी बाजारापुरतंच येतं. ताईंनी तोच परिचय तेलुगूत वाचला, अक्षरं मराठीत लिहून आणून, अडखळत अडखळत. अव्वाला इतकी वर्षं वाटायचं की पोरगा रक्त देऊन वाळत चाललाय. प्रत्येक वेळी घरी आला की उकडलेलं अंडं पुढं करायची आणि शिव्या घालायची. त्या दिवशी तिला कळलं की ते रक्त बाळंतपणात अडलेल्या बायकांना जातं. तिची स्वतःची बहीण बाळंतपणात गेलेली.

नायनांच्या खांद्यावर चादर घातली. त्यांनी सगळ्यांसमोर तिचं टोक उलटं करून बघितलं. त्यांच्याच कारखान्यातली होती. हात फिरवत म्हणाले, “किनार चांगली बसलीय.” ती आता अव्वाच्या अंगावर असते. नायना आता ६१ वर्षांचे आहेत. पासष्टीपर्यंत देता येतं, ते दिवस मोजतात.

मंगळवेढ्याकडचा

चुकलं असेल तरी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर. ज्वारीच्या काढणीला निम्मा वर्ग शेतात जायचा. वडील संध्याकाळी वस्तीवर जाऊन कंदिलाच्या उजेडात त्या पोरांचा बुडालेला धडा घ्यायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एका कार्यक्रमात गौरव ठरला. सकाळी अकराची वेळ. वडील नऊला जाऊन बसले, इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा नको म्हणून टोपी. पाहुणे यायला अडीच वाजले. मग व्यासपीठावरच्यांचे सत्कार झाले, त्यांना तासभर. वडिलांची पाळी आली तेव्हा नाव त्यांचं आणि गाव दुसऱ्याचं पुकारलं. परिचय वाचला तोही दुसऱ्याच मास्तरांचा. वडिलांनी स्मृतिचिन्ह घेतलं, नमस्कार केला, खाली आले. बसमध्ये एवढंच बोलले, “त्या मास्तरांचं कामही मोठं दिसतंय. त्यांना कुणी बोलावलं नाही वाटतं.”

ती गोष्ट गावात पोचली. पुढच्या रविवारी सकाळी दारात माणसं. १९८६ च्या सातवीची बॅच, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी पुण्याहून गाडी करून. टॉवेल, टोपी, नारळ. भाषण कुणी केलं नाही. एकानं पिशवीतून कंदील काढला. तोच कंदील नव्हता, तसला होता. सांगोल्याच्या बाजारात शोधून आणलेला. वडिलांनी तो लावून बघितला, भर दुपारी.

ते स्मृतिचिन्ह मी त्या दुसऱ्या मास्तरांचा पत्ता काढून त्यांना नेऊन दिलं. वडिलांनीच पाठवलं.

माढा

वरचं वाचून राहवलं नाही. मीही मास्तरच. २०२० च्या डिसेंबरात रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आमच्याच तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. पुस्तकांत क्यूआर कोड घालायची सुरुवात त्यांनी तिथून केली. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या आठवड्यात आमच्या वस्तीशाळेवर एक आजोबा आले, मला हार घातला आणि म्हणाले, “ते लांब हायती, तुमी जवळ हाव.” माझं कर्तृत्व शून्य होतं. पण त्या हारानं मी पुढच्या सोमवारी शाळेत अर्धा तास आधी गेलो, आणि तेव्हापासून जातोय.

बाळीवेस

टॉवेल-टोपीचा विषय निघालाय तर आजोबांचं सांगते.

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. डोक्यावर गांधी टोपी दिसली की माणसाला धरायचे. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, जुन्या मिलमध्ये कामाला. एका गोऱ्या शिपायानं काठीनं त्यांची टोपी उडवली. ती उचलून त्यांनी परत घातली, आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. आत असतानाच त्यांना १२ जानेवारी १९३१ ची बातमी कळली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं होतं. आजोबांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

१९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ताम्रपट मिळाला. तो घरात भिंतीवर असतो, येणारे-जाणारे बघतात. आजोबांना स्वतःला मात्र त्याच वर्षी गल्लीतल्या पोरांनी घातलेली टोपी जास्त प्रिय होती. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं शिवलेली साधी खादीची. ती घालून ते दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी जायचे. तेव्हा गावात सिद्धेश्वरांच्या यात्रेची लगबग असायची. मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलायचा सराव, यात्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंद्या धुऊन दोरीवर वाळत टाकलेल्या. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा, चौघांना एकेक फूल वाहायचे आणि घरी यायचे. मी बोट धरून असायचे.

म्हणून कुणाच्या सत्काराला गेले आणि टोपी घालताना कुणी घाई केली की मला लागतं. दोन्ही हातांनी घाला. माणसानं मान खाली केली की मग घाला.

कुंभारी

आमची आई विड्या वळायची. आम्ही राहतो ती विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत गोदूताई परुळेकरांच्या नावाची आहे. शाळेच्या दाखल्यावर, गॅसच्या कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे आम्ही त्यांचं नाव लिहितो. आईला लिहायला येत नव्हतं, पण पत्ता सांगताना ते नाव पूर्ण घ्यायची. मला हाही सत्कारच वाटतो.

भैय्या चौक

सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आमच्या रस्त्यावर. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, ३२ व्या वर्षी. चीनहून पाहुणे येतात, फुलं वाहतात. मी शाळेत असताना एका पाहुण्या बाईंनी पुतळ्यापुढं वाकून केलेला नमस्कार बघितला. त्यानंतर मी नर्सिंगला गेले. चीननं त्यांचं टपाल तिकीट १९८२ मध्ये काढलं, आपण १९९३ मध्ये. दोन्ही तिकिटं माझ्या पाकिटात असतात. त्यांना स्वतःला मात्र सोलापुरात हार घालायला कुणाला मिळालं नाही. जे आज समोर आहेत त्यांना उशीर करू नका, एवढंच मला म्हणायचंय.

विजापूर वेस

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

आमच्या बोळात एकजण राहतो. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी तो प्रेतं उचलायच्या कामाला होता. घरचे दवाखान्यात अडकलेले, किंवा यायला घाबरलेले. अशांना हा आणि त्याचे तीन साथीदार अग्नी द्यायचे, दफन असेल तर माती द्यायचे. आम्ही बोळातल्यांनी काय केलं? त्याच्या बायकोला सार्वजनिक नळावर सगळ्यांचं झाल्यावर पाणी भरायला लावलं. तेव्हा आपल्याकडे पाणी चार-चार दिवसांनी यायचं. सगळ्यांचं झाल्यावर उरायचं किती? त्या सांगणाऱ्यांत मी होतो. माझ्या घरी म्हातारे वडील होते, भीती होती. पण सांगितलं ते सांगितलंच.

वर्षभरानं बोळातल्या पोरांनी त्याचा सत्कार ठरवला. चादर, हार, पाच हजार रुपये. तो म्हणाला, “नको.” पोरं दोनदा गेली, तिसऱ्यांदा मी गेलो. त्याची बायको दारात उभी होती. मी तिच्याशी बोललो. नळाचं बोललो, नाव घेऊन, सगळं. ती काही म्हणाली नाही. आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

सत्कार त्यानं घेतलाच नाही. मुलीचं लग्न होतं तेव्हा पत्रिका प्रत्येक घरी देऊन गेला. आम्ही सगळे गेलो, आणि पंगतीला पाणी वाढायचं काम आम्ही घेतलं. दोन दिवस आधीपासून बोळातल्या प्रत्येक घरानं पिंपं भरून ठेवली होती.

साखर पेठ

सगळं वाचलं. काही दोनदा. विजापूर वेस, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी या धाग्यातून मी वहीत उतरवून घेतलेलं असं. परिचय आधी त्या माणसाला वाचून दाखवायचा. घरातलं म्हातारं माणूस कन्नड, तेलुगू, उर्दू जे बोलत असेल त्यात चार ओळी तरी करायच्याच. रोजंदारीचा माणूस असेल तर कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, नाहीतर पाळी सुटल्यावर. आणि सत्कारमूर्तीला सगळ्यात आधी बोलवायचं, पाहुणे आले नसले तरी.

मावशींचं अजून एक राहिलंय. आठवलेली नावं त्या दिवशी वाचली, पण काल त्यांना उरलेलं एक नाव आठवलं, आणि आता त्यांना सगळ्यांना भेटायचंय. तिघींचे पत्ते लागले. एक जुळे सोलापूर भागात लेकीकडे, एक बाळे गावात, एक अक्कलकोटला. एक वारली, तिच्या सुनेला मानपत्राची प्रत दिली. पाचवी १९९३ ला मेल सर्जिकल वॉर्डात होती, कन्नड बोलायची, डाव्या हातावर विंचू गोंदलेला, माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं. पुढं होटगी रोडला राहायला गेली एवढं कळलंय. कुणाच्या ओळखीत असेल तर इथं लिहा. मावशी रोज संध्याकाळी विचारतात.