धडकेनंतर पुढून येणारी थरथर : फोर बाय फोरवाल्यांनो, अनुभव लिहा

वाळपई
नमस्कार मंडळी. सत्तरीत आमची काजूची बाग आहे. पावसात तिथवर पोचायचं तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी पिकअपच हवी. जुलैत चोर्ला घाटात समोरच्या ट्रकला वाट देताना पुढचं डावं चाक कठड्यावर जोरात आपटलं. बंपर, फेंडर, लोअर आर्म, टाय रॉड बदलून 27 दिवसांनी गाडी हातात आली. दिसायला नवीकोरी, पण काटा 70च्या पुढे गेला की पायाखालचा पत्रा थरथरतो. स्टिअरिंग मात्र जवळजवळ स्थिर. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग दोनदा झालं. आता सांगतात, चारही टायर बदला. त्याआधी तुम्हाला विचारतोय : तुमच्या गाडीचा दोष शेवटी कुठे सापडला? ऐकीव नको, स्वतः भोगलेलं लिहा. याच गाडीतून आईला तपासणीसाठी बांबोळीला न्यावं लागतं, त्यामुळे ‘चालतंय तोवर चालवा’ हे मला पटत नाही.

फोंडा
माझं रिम वाकलं होतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर आकडा शून्य यायचा, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. मशीन फक्त वजनाचा तोल बघतं. वाकड्या रिमला शिसं लावून तोल साधता येतो, गोलाई येत नाही. शेवटी चाक जॅकवर उचललं, रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरला आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. एका जागी खडू घासला, समोरच्या बाजूला बोटभर नाही पण चांगली फट दिसली. पुढची चाकं मागे टाकल्यावर थरथर स्टिअरिंगवरून सीटखाली गेली, तेव्हा खात्रीच पटली.

मडगाव
आमच्याकडे फक्त ब्रेक दाबला की हादरे. डिस्क दोनदा लेथवर घासून घेतली, महिन्याभरात पुन्हा तेच. धडकेत हबचा, म्हणजे चाक आणि डिस्क जिथे बसतात त्या भागाचा चेहराच वाकला होता. बारीक वाकडेपणा मोजणारं डायल गेज लावल्यावर कळलं.

उसगाव
दादा, मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेस्त्री होतो, 2012मध्ये काम थांबलं तोवर. तुम्ही लिहिलंय की स्टिअरिंग स्थिर आणि पत्रा थरथरतो. माझं लक्ष तिथेच अडकलं. टायरवर एवढ्यात पैसे घालू नका.

आमच्या एका जीपला डंपरची धडक बसली होती. डेंटिंगवाल्याने क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) सरळ करायला पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा उतरवला आणि परत बसवला. त्यानंतर ती 60ला थरथरायला लागली. आम्ही आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग धरून गिअर न्यूट्रल केला. थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. उभ्या गाडीत रेस दिली, काही नाही. मग पुढचा शाफ्ट काढून टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर चालवली आणि गाडी एकदम शांत.

शाफ्टच्या सरकत्या जोडाला दाते असतात. खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खूण केली नाही, तर जोडताना एखादा दाता इकडेतिकडे बसतो आणि दोन टोकांच्या योकचे (दोन कानांच्या बेचक्यांचे) कान एका रेषेत राहत नाहीत. योकमधला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. कान रेषेत असले तर एका टोकाचा झटका दुसरं टोक खाऊन टाकतं. नसले तर तो थेट बॉडीत उतरतो. पुढचे हब एक्सलपासून सुटत नसतील तर टू-व्हीलमध्येही चाकं हा शाफ्ट फिरवत राहतात, हे गाडी दुरुस्त करणारेही विसरतात. ज्यांच्या हाताखालून फक्त कारच जातात, ते तिथे बघतच नाहीत. कृपा करून गाडीखाली झोपून कान बघा. आणि डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून चाचणी घेऊ नका, दात आणि क्रॉस दोन्ही मरतात.

काणकोण
माझी थरथर फक्त चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर. पाय काढला की बंद. अलाइनमेंटचा कागद हिरवागार. एका वयस्क मेस्त्रीने ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, तिरकी मापं घेतली. डावीकडचं पुढचं-मागचं चाकांतलं अंतर उजवीकडच्यापेक्षा 14 मि.मी. कमी भरलं. चेसिसचं (गाडीच्या खालच्या सांगाड्याचं) टोक मागे सरकलेलं, त्यामुळे एक्सलचा आतला जॉइंट भलत्या कोनात चालत होता. चेसिस ओढून घेतल्यावर थांबलं. तोवर विम्याची फाइल बंद झाली होती. थरथर असेल तर ‘काम समाधानकारक’वर सही करू नका, विम्याच्या सर्व्हेअरला पुन्हा बोलवा.

वाळपई
सगळ्यांचे मनापासून आभार. उसगावच्या दादांनी सांगितलं तसं आज सकाळी गाडीखाली गेलो. चिखल पुसल्यावर योकवर कंपनीचे कोरलेले दोन बाण दिसले, एकमेकांपासून दोन दाते लांब. जोड खोलून बाणासमोर बाण बसवला, ग्रीस भरलं आणि साखळीपर्यंत जाऊन आलो. 70ला पत्रा गप्प. 90च्या आसपास स्टिअरिंगला बारीक कंप अजून आहे, तो आता पहिल्यांदा नीट जाणवला. रविवारी चाक उचलून खडू लावतो.