गाण्यांचं एकच वर्ष निवडायचं तर? खानदेशकरांनो, सांगा

केळीबाग_रावेर:
घर आवरताना बाबांच्या कॅसेटींचं खोकं निघालं. निम्म्याहून जास्त कॅसेटींवर बॉलपेनाने ‘९४’ लिहिलंय. बाबा म्हणतात, तसं वर्ष पुन्हा आलं नाही. मी ९६ ची, मला काय कळणार! कोणते पिक्चर आले त्याची यादी कुठेही मिळते, ती नकोय. त्या वर्षी तुम्ही कुठे होतात आणि ती गाणी तुमच्यापर्यंत कशी पोहोचली, ते वाचायचंय.

क्लॅरिनेट_चोपडा:
बेटा, तुझे बाबा खरं बोलताहेत.

आमचा बँड होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, क्लॅरिनेट मास्तर. मी साईड ड्रम सोडून नुकता त्यांच्या शेजारी क्लॅरिनेट घेऊन उभा राहायला लागलो होतो. त्या वर्षाची सुरुवातच वाईट झाली. ४ जानेवारीला पंचमदा, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन, गेले. आप्पांनी बँडच्या ऑफिसात सगळ्यांना बसवलं आणि ‘ये शाम मस्तानी’ वाजवायला लावलं. सुपारी नाही, गिऱ्हाईक नाही, समोरचा चहावाला तेवढा ऐकायला. एकाचा सूर घसरला तर आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. म्हणाले, आज तरी नीट वाजवा.

आणि मग त्याच वर्षी ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’ आला. माणूस गेलेला आणि चाली नव्या कोऱ्या! ‘कुछ ना कहो’ आप्पांनी टू-इन-वनवर इतकं मागेपुढे केलं की त्या जागी टेप घासून आवाज बसला. ते सरगम वहीत लिहून काढायचे, मुखडा निळ्या शाईने, मधलं म्युझिक लाल शाईने. बहुतेक बँडवाले मधलं म्युझिक गाळतात, ड्रमवर वेळ मारून नेतात. आप्पांना ते चालायचं नाही. त्यांचं म्हणणं एकच, गाणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शब्दांशिवाय ओळखू आलं पाहिजे. या कसोटीला ९४ ची किती गाणी उतरली सांगू! म्हणून माझ्यासाठी ते वर्ष मोठं.

पण लग्नात वाजलं ते ‘हम आपके हैं कौन’. ऑगस्टात पिक्चर आला, आणि तुळशीचं लग्न लागून सराई उघडली तोवर आमच्याकडे निम्मी गाणी बसली होती. ‘दीदी तेरा देवर’मध्ये लताबाईंची ओळ क्लॅरिनेटवर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांची ट्रंपेटवर, अशी वाटणी आप्पांनी केली. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत वरात हलेच ना. बाया ओट्यांवरून ओरडायच्या, ‘आजून एकदाव व्हऊ द्या!’ लताबाई तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या आणि आवाज माधुरीला शोभत होता, याचं आप्पांना फार अप्रूप.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना माहीत नसते. त्या पिक्चरचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. जोडीचं नाव दादा कोंडकेंनी दिलेलं. जोडीदार सुरेंद्र, म्हणजे ‘राम’, १९७६ साली गेले, तरी पाटलांनी शेवटपर्यंत नाव जोडीचंच ठेवलं. २०२१ मध्ये पाटीलही गेले.

पारोळ्याची_माहेरवाशीण:
दादा, तुमच्यासारखाच एक बँड आमच्या गल्लीत कानबाईच्या, म्हणजे श्रावणात बसते त्या आपल्या खानदेशच्या देवीच्या, विसर्जनाला यायचा. रविवारी रात्रभर अहिराणी गाणी, आजी सांगायची आणि आम्ही मागून म्हणायचो. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेतली की बँड सुरू. त्या साली भोंग्यावर नवीन कॅसेट लागली तर आजी चिडली, ‘माय जाताना सिनेमानं गानं?’ मग बँडवाल्यांनीच तोड काढली. नदीपर्यंत कानबाईची गाणी, परतताना पिक्चरची. येताना आम्ही फुगड्या खेळत आलो, रोट खायचं भान नाही. पिक्चर तर मी फार नंतर पाहिला. गाणी आधीच पाठ होती.

भुसावळ_जंक्शन:
माझं ९४ वेगळं. मोठा भाऊ रेल्वेत, रात्रपाळी. त्याच्यामुळे घरात रेडिओ कायम चालू. त्याच वर्षी अमीन सायानींची गीतमाला थांबली. १९५२ ला रेडिओ सिलोनवर सुरू झालेली, १९८९ पासून विविध भारतीवर यायची. आमच्या वडिलांनी तरुणपणी ऐकली, भावाने ऐकली, मी शेपूट धरलं. त्यानंतर कोणतं गाणं वर चढलं, कोणतं उतरलं, यावर घरात भांडण व्हायचं बंद झालं. मला तरी ९४ म्हटलं की तेच आठवतं.

केळीबाग_रावेर:
सगळं बाबांना वाचून दाखवलं. काका, एक विचारायचं होतं. ‘कुछ ना कहो’ वरातीत वाजवायचात का? इतकं संथ गाणं!

क्लॅरिनेट_चोपडा:
वरातीत नाही गं. जेवणाच्या पंगती बसल्या की मांडवाच्या कडेला उभे राहून. तिथे नाचणारे नसतात, ऐकणारे असतात. एकदा वाढपी बादली हातात धरून थांबला होता, यजमानांनी हाक मारली तेव्हा हलला. आप्पांना त्या दिवशी मिळालेल्या बक्षिसीपेक्षा त्याचंच कौतुक.

आणि तुझा जन्म ९६ चा ना? म्हणजे आईबाबांचं लग्न त्याच सराईतलं असणार. बाबा ‘तसं वर्ष आलं नाही’ का म्हणतात, ते जरा आईला विचार.

केळीबाग_रावेर:
विचारलं! मे ९५, यावलला, दाट तिथ. मावशीने पिक्चर बघून बाबांचे बूट पळवले. आजोबांना हा प्रकार माहीतच नव्हता, ते खरंच चोर शोधत फिरले. बाबांनी एकशे एक रुपये दिले तेव्हा बूट मिळाले. बँडने ‘दीदी’ किती वेळा वाजवलं ते दोघांनाही आठवत नाही. फक्त काका, आई म्हणते बँड फैजपूरचा होता.

क्लॅरिनेट_चोपडा:
फैजपूरवालेही चांगले वाजवायचे. त्यांचा ट्रंपेटवाला आमच्यापेक्षा सरस होता.