फँटसी हॉकीत तीन बेवारस टीम्स समोर आहेत, कुठली घेऊ?

फ्लेम्सवाला_पुणेरी
नमस्कार मंडळी, इथे एनएचएल (कॅनडा-अमेरिकेतली बर्फावरची हॉकी लीग) फँटसी खेळणारं कोणी आहे का, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपली कागदी टीम चालवणारं? कॅल्गरीत आमच्या ऑफिसातल्या लोकांची १२ टीम्सची एक जुनी लीग आहे, फँट्रॅक्स या साइटवर चालते, त्यातले तिघं या उन्हाळ्यात (२०२५) एकदम बाहेर पडले (एकाला बाळ झालं, एक व्हँकुव्हरला गेला, तिसऱ्याचं आणि कमिशनरचं, म्हणजे लीग चालवणाऱ्याचं, वाजलं). आता कमिशनर म्हणतोय तू सगळ्यात आधी हो म्हणालास तर तिन्हीतली कुठली पण उचल, उरलेल्या दोन मी बाकीच्यांना देतो. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

पहिली टीम: कुचेरोव्ह, पनारिन, क्रॉस्बी, स्टॅमकोस, डिफेन्सला एरिक कार्लसन आणि गोलला हेलेबक. गेल्या सीझनला तिसरी आली. पण आधीच्या मालकाने येत्या ड्राफ्टचे (आळीपाळीने खेळाडू निवडायचा दिवस) पहिल्या दोन राउंडचे पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, विकून खाल्लेत.

दुसरी: मॅकडेव्हिड आणि केल मकार. मग ब्रेडी कचक, युटाचा लोगन कूली, ऑटावाचा जेक सँडरसन, गोलला डेम्को, आणि त्याखाली नुसता भुसा. आठवी आली. पिक सगळे जागेवर आहेत.

तिसरी: बेडार्ड, सेलेब्रिनी, मिचकोव्ह, डेमिडॉव्ह, लेन हटसन आणि गोलला आमचा डस्टिन वुल्फ. शेवटून पहिली आली. स्वतःचा पहिल्या राउंडचा पिक आहे शिवाय दुसऱ्यांकडून घेतलेले दोन.

हेड टू हेड कॅटेगरी लीग आहे, म्हणजे दर आठवड्याला एका टीमशी सामना आणि प्रत्येक आकड्याची वेगळी लढत. गोल, असिस्ट, प्लस मायनस (खेळाडू बर्फावर असताना टीमने केलेले गोल वजा खाल्लेले), पॉवरप्ले पॉइंट (समोरचा खेळाडू शिक्षेला बाहेर असतानाचे), शॉट, हिट (अंगावर धडक), ब्लॉक आणि गोलीचे विन, सेव्ह टक्केवारी, गोल्स अगेन्स्ट. माझा जीव तिसरीत अडकलाय, सगळी पोरं २४ किंवा त्याच्या आतली आहेत, आणि वुल्फला सॅडलडोममध्ये (आमच्या कॅल्गरी फ्लेम्सचं स्टेडियम) डोळ्यांनी बघितलंय, सातव्या राउंडमध्ये २१४ व्या नंबरवर घेतलेला बारका गोली आणि पहिल्याच पूर्ण सीझनला २९ मॅच जिंकून बसला. पण जरा भीती पण वाटतेय. जाणकारांनी सांगा.

जुना_खोंड
पहिली घ्या आणि झोपा. कुचेरोव्हने सलग दोन वर्षं आर्ट रॉस (सगळ्यात जास्त पॉइंटची ट्रॉफी) मारलीये, आधी १४४ पॉइंट (गोल अधिक असिस्ट) मग १२१, आणि हेलेबकने गेल्या वर्षी ४७ मॅच जिंकून व्हेझिना (सर्वोत्तम गोली) आणि हार्ट (सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही घरी नेल्या, गोलीला हार्ट मिळायची म्हणजे २०१५ च्या केरी प्राइसनंतर पहिलीच वेळ. तुमच्या लीगमध्ये गोलीच्या तीन कॅटेगरी आहेत, म्हणजे दर आठवड्याला तिथे तुम्ही पुढेच.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही ती मी बोलतो, ऑफिसातल्या लीग टिकत नाहीत हो. तीन माणसं एका उन्हाळ्यात गेली, कमिशनरचं एकाशी वाजलंय, आणि तुम्ही तीन वर्षांनी जिंकणारी टीम घ्यायला निघालात? तीन वर्षांनी ती लीग तरी असेल का? आज जिंकायचं तेवढं जिंका.

हिमगौरी
खोंडराव, लीगचं आयुष्य हा मुद्दा मान्य पण ती टीम नासायला आलेली आहे. पनारिन १२० वरून ८९ वर आला. स्टॅमकोस टॅम्पात ८१ पॉइंट करत होता, नॅशव्हिलला गेला आणि ५३. क्रॉस्बी याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ ला, ३८ चा झाला, त्याने ९१ पॉइंट केले हे भारीच, पण येत्या २०२५-२६ सीझनला फेब्रुवारीत ऑलिंपिकची सुट्टी आहे म्हणजे तेवढेच ८२ सामने कमी दिवसांत कोंबलेत, आणि क्रॉस्बी त्या सुट्टीत पण इटलीत कॅनडाकडून खेळणारे. लागोपाठ दोन रात्री मॅच आली की हेलेबकला पण एक बसवणार. त्यात पिक नाहीत. एक वर्ष मजा येईल मग वरून खाली घसरगुंडी.

मी तिसरी घेईन. फक्त डोळे उघडे ठेवून. बेडार्डचं पहिल्या वर्षाचं प्लस मायनस -४४ होतं, त्याची शिकागो गेल्या सीझनला तळाला होती, सेलेब्रिनीची सॅन होजे पण तळाला, म्हणजे ती कॅटेगरी तुम्ही दर आठवड्याला दान करणार. हटसनने ६६ पॉइंट करून काल्डर (सर्वोत्तम नवख्याची ट्रॉफी) नेली पण तो छोटासा पोरगा आहे, त्याच्याकडून हिटची अपेक्षा ठेवू नका. पहिलं वर्ष मार खायची तयारी पाहिजे.

खडकी_एक्सप्रेस
मी हॉकी वाचून आलो, वाटलं आमच्या खडकीच्या धनराज पिल्लेचा विषय निघाला 😀 हे बर्फावरचं प्रकरण दिसतंय. एक शंका, क्रिकेटच्या फँटसीत आम्ही दर मॅचला नवीन टीम लावतो, इथे दुसऱ्याची टीम "घ्यायची" म्हणजे काय? विकत?

हिमगौरी
@खडकी_एक्सप्रेस विकत नाही हो. या प्रकाराला कीपर लीग म्हणतात, खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात. त्यामुळे एखादा सोडून गेला की त्याची टीम गुणदोषांसकट पुढच्याच्या गळ्यात. त्याने केलेल्या ट्रेडची उधारी पण तुम्हीच फेडायची, ती पहिली टीम बघा ना, पिक उडवले एकाने आणि भोगणार दुसरा.

खडकी_एक्सप्रेस
म्हणजे वडिलोपार्जित फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज. कळलं. चालू द्या, मी वाचतोय.

एडमंटनचा_दादा
सगळे खेळाडूंवर बोलताय पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. दरवर्षी किती खेळाडू ठेवता येतात? सगळे, की ठराविक? मी इथे एडमंटनला एक लीग चालवतो, नवीन माणूस आला की आधी मी त्याच्या हातात नियम देतो आणि मग टीम दाखवतो, कारण यावर उत्तर पूर्ण फिरतं.

फ्लेम्सवाला_पुणेरी
६ ठेवता येतात दादा. बाकी सगळे परत पूलमध्ये (मोकळ्या खेळाडूंत), सप्टेंबरच्या शेवटी ड्राफ्ट. ज्युनिअर खेळाडूंसाठी वेगळी जागा नाही, जो काय तो त्या ६ मध्येच.

एडमंटनचा_दादा
मग दुसरी टीम. विचार पण करू नका.

हिशोब बघा. १२ टीम, प्रत्येकी ६, म्हणजे ७२ खेळाडू घरी बसले. ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला तुम्हाला जो मिळतो तो साधारण ७३ वा किंवा त्याच्या पुढचा. तिसऱ्या टीमकडे पहिल्या राउंडचे तीन पिक आहेत हे ऐकायला लई भारी वाटतं, पण ते पिक म्हणजे ७३ ते ८४ मधले तीन जण, फार तर जूनमध्ये एनएचएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने पहिला उचललेला मॅथ्यू शेफर. सगळे खेळाडू ठेवता येणारी लीग असती तर तेच पिक सोनं होते. याच कारणाने दुसऱ्या टीमचा तो भुसा पण बिनमहत्त्वाचा आहे, सातव्यापासून पुढचे सगळ्यांचे तसेही परत पूलमध्ये जाणार आणि तुम्ही बाकीच्यांच्या बरोबरीने नवीन उचलणार. फरक पडतो तो फक्त वरच्या दोन तीन नावांनी, आणि मॅकडेव्हिड नि मकार हे एकाच घरात मिळत नसतात हो.

मॅकडेव्हिड गेल्या वर्षी ६७ च मॅच खेळला तरी बरोब्बर १०० पॉइंट. त्याच्या आधी १३२, त्याच्या आधी १५३. वय २८. मकार २६ चा, डिफेन्समन असून ३० गोल आणि ९२ पॉइंट. तुमच्या बाकी ११ जणांच्या डिफेन्सच्या रकान्यात गोल शोधायला दुर्बीण लागेल आणि तुमच्याकडे ३० पडलेत, कॅटेगरी लीग अशाच ठिकाणी जिंकली जाते. वर ब्रेडी कचक हिट आणि शॉट दोन्हीत आठवडाच्या आठवडा एकटा ओढतो.

आणि तिसऱ्या टीमची खरी गोची ही की ६ च जागा आहेत आणि त्यातली एक डेमिडॉव्हवर जातेय ज्याचे एनएचएलच्या रेग्युलर सीझनचे दोनच सामने झालेत. पोरगा मोठा होईल यात वाद नाही, पण तो मोठा होईपर्यंत समोरचा त्या जागेवर ८० पॉइंटवाला बसवून तुम्हाला हरवत राहणार.

हिमगौरी
६ असतील तर माझं मत बदलतं, दुसरी. मी सगळे ठेवता येतात असं धरून लिहिलं होतं. पण दादा एक सांगा, मॅकडेव्हिडचं कॉन्ट्रॅक्ट २०२६ च्या उन्हाळ्यात संपतंय आणि आज, ऑगस्ट २०२५ मध्ये, अजून सही नाही. एडमंटन ऑइलर्समधल्या त्याच्या जोडीदाराला, ड्रायसाइटलला, सोडून दुसरीकडे गेला तर? स्टॅमकोसचं काय झालं बघितलंच आपण.

एडमंटनचा_दादा
ताई ते नाव काढू नका, इथे अख्खं गाव त्याच काळजीत आहे 😅

पण फँटसीपुरतं बोलायचं तर स्टॅमकोस नॅशव्हिलला गेला तेव्हा ३४ चा होता, आणि टॅम्पाच्या पॉवरप्लेला कुचेरोव्हने ताटात वाढायचं आणि याने मारायचं असा प्रकार होता. मॅकडेव्हिड स्वतः वाढणारा आहे. तो जिथे जाईल तिथल्या विंगरचे पॉइंट वाढतील. कॉन्ट्रॅक्टची भीती वाटत असेल तर ती ड्रायसाइटलच्या मालकाने बाळगावी, आणि तो ड्रायसाइटल पण ५२ गोलवाला आहे, त्याचं काही अडणार नाही.

जुना_खोंड
मी माझ्या मतावर ठाम आहे. ६ च ठेवायचे तर पहिल्या टीमचे गेलेले पिक पण दादांच्याच हिशोबाने फारसे महाग नाहीत की, ७३ वा आणि ८५ वा खेळाडू गेला, गेला तर गेला. कुचेरोव्ह आणि हेलेबक यावर्षी तुम्हाला ट्रॉफी देतात. पुढच्या वर्षाचं पुढे.

एडमंटनचा_दादा
खोंडराव, बरोबर पकडलंत, पिकचा मुद्दा पहिल्या टीमला पण लागू आहे. एकच वर्ष खेळायचं असेल तर पहिली दुसरी उन्नीस बीस. पण कुचेरोव्ह ३२, हेलेबक ३२, बाकीचे त्याहून मोठे, पुढच्या उन्हाळ्यात ट्रेडला गेलात तर समोरचा वय बघून भाव पाडणार. मॅकडेव्हिडचा भाव पाडायची कोणाची छाती नाही.

फ्लेम्सवाला_पुणेरी
पटलं. दुसरी घेतो. कॅल्गरीत राहून ऑइलर्सच्या कॅप्टनवर टीम उभी करायची म्हणजे ऑफिसात रोज शिव्या आहेत पण ठीके. आता पुढचा प्रश्न, सहा जागा कशा भरू? मॅकडेव्हिड, मकार, कचक, सँडरसन, कूली हे पाच झाले. सहावा डेम्को ठेवू का? त्याच्याशिवाय माझ्याकडे गोलीच नाही.

हिमगौरी
डेम्को नको. २०२३-२४ ला व्हेझिनाच्या शेवटच्या तिघांत होता हे खरं, पण गेलं वर्षभर दुखापतीच चालू होत्या. गोलीवर कीपरची जागा घालवायची तर तो ५५ ६० मॅच खेळणारा पाहिजे. कूली मात्र नक्की ठेवा, २१ चा आहे आणि ६५ पॉइंट करून झालेत.

एडमंटनचा_दादा
+१. डेम्कोला पूलमध्ये सोडा, ड्राफ्टला चौथ्या पाचव्या राउंडला परत मिळाला तर उचला, तिथे तो स्वस्तात चांगला आहे. सहाव्या जागेसाठी ट्रेड बघा. पहिली टीम कोणाकडे गेली कळलं का?

फ्लेम्सवाला_पुणेरी
कमिशनरच्या मेहुण्याकडे 😂 आत्ताच ग्रुपवर आलं. नवीन आहे, आधी फक्त फुटबॉलची फँटसी खेळायचा म्हणे.

जुना_खोंड
मग आजच्या आज मेसेज टाका त्याला. त्याच्याकडे पहिल्या दोन राउंडचे पिक नाहीत आणि नवीन माणसाला ड्राफ्टच्या दिवशी दोन तास गप्प बसायला जाम आवडत नाही. सँडरसन आणि तुमचा पहिल्या राउंडचा पिक देतो, हेलेबक दे म्हणा. नाही म्हणाला तर दुसऱ्या राउंडचा पण टाका, पण कूलीला हात लावू देऊ नका. आणि ड्राफ्टच्या आधी उरका, एकदा का त्याने हेलेबकच्या विनिपेगच्या दोन मॅच बघितल्या की तो हेलेबक सोडणार नाही.