माळ्यावरच्या सामानाला बुरशी लागते. गणपतीपूर्वी उपाय हवा आहे

परळकर: आमच्या माळ्यावरील गाद्या, पुस्तके आणि वडिलांची जहाजावरची लाकडी पेटी यांना दर पावसाळ्यात बुरशी धरते. डांबरगोळ्या घातल्या, पण उपयोग झाला नाही. मखरही तेथेच, अगदी आत अडकले आहे. कृपया खात्रीचा उपाय लवकर सांगावा.

मुलुंडची: माळा सिमेंटचा की लाकडी, आणि त्याच्या मागे व वर काय आहे, हे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार? डांबरगोळ्या कसरीसाठी असतात. दमटपणा त्या शोषत नाहीत.

जुना नाविक: माझी सगळी नोकरी जहाजावर झाली. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बोसन स्टोअरमध्ये (दोरखंड वगैरे सामानाच्या कोठारात) आम्ही दोरखंड कधीही पोलादी भिंतीला टेकवत नसू, कारण बाहेरचे पाणी थंड असले की आतल्या भिंतीला घाम फुटतो; म्हणून खाली व मागे फळ्या घालून हवा खेळती ठेवावी लागे. आपणही सामान भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे. पेटीत अळशीच्या तेलाच्या चिंध्या असतील तर त्या आधी काढाव्यात, कारण बोळा करून ठेवलेल्या अशा चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

गिरगावकर: घराला जहाजाचे नियम कशाला? वर्षभर हात लागला नाही ते सरळ रद्दीवाल्याला द्यावे.

जुना नाविक: या हिशेबाने जहाजावरची लाइफ जॅकेटे आणि घरातले मखर, दोन्ही टाकावी लागतील. वस्तू किती वेळा लागते यापेक्षा ती लागेल तेव्हा हाताशी येते का, हे पाहावे.

ठाणेकर: माळ्यावर पितळेची भांडी असल्यास मोडीत देऊ नयेत. कल्हई करून घेतल्यास ती पुन्हा स्वयंपाकात वापरता येतात.

परळकर: भांडी नाहीत. माळा सिमेंटचा असून न्हाणीघरावर आहे. मागची भिंत पश्चिमेची, बाहेरची आहे आणि तिचे पोपडे निघतात. वरच्या घराचे न्हाणीघरही नेमके तेथेच आहे.

मुलुंडची: हे आधी सांगायला हवे होते. भिंत पुसून, पंख्याने वरवर सुकवून, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर दमट हवेचे आहे. तसाच तुकडा छतालाही लावा. ओल छतातून असेल तर वरच्या घरमालकांशी आणि सोसायटीशी बोलावे लागेल, फळ्यांनी ते भागणार नाही. मखर मात्र आजच काढून पंख्याखाली ठेवा.