शुक्रवार दुपारची सिंफनी: मैफलीची सवय असलेल्यांनी दाद कशी द्यावी?

प्रश्न (ख्यालप्रेमी):
नमस्कार. आम्ही तिघी मैत्रिणी येत्या शुक्रवारी दुपारी दीडच्या कार्यक्रमाला बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये जाणार आहोत. तिघींचेही कान ख्यालगायकीवर घडलेले आहेत, परंतु वाद्यवृंद समोर बसून कधी ऐकलेला नाही. मध्यंतरानंतर चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली चार भागांची रचना, आहे. सुरेख जागा आली की "वा!" म्हटल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, आणि तिथे तर दोन भागांच्या मध्येही टाळी वाजवत नाहीत असे कळते. मग दाद द्यायची तरी केव्हा? तिकिटे अजून काढलेली नाहीत. कुठे बसावे, तेही सांगावे.

उत्तर (चार्ल्सकाठी):
ताई, आधी जागेविषयी सांगतो. हे सभागृह १९०० साली उघडले आणि त्याच्या रचनेसाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचा सल्ला घेतला होता. जोड्याच्या खोक्यासारखी ती लांबट, उंच आणि अरुंद वास्तू असल्यामुळे बाजूच्या भिंतींवरून परतणारा स्वर श्रोत्याला चहूबाजूंनी वेढतो. म्हणून रंगमंचाला अगदी खेटून बसण्याचा हट्ट धरू नका. पहिल्या सज्ज्यात मंचासमोरची जागा मिळाली तर सर्व वाद्ये नीट दिसतात आणि नाद एकजीव होऊन येतो. बाजूच्या सज्ज्यात मात्र दोन तास मान वळवून बसावे लागते.

थोड्या लवकर जाऊन बसा. ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य एक स्वर धरते आणि सगळा वृंद त्याला मिळतो, तो क्षण तंबोरे जुळताना ऐकणाऱ्या माणसाने चुकवू नये.

उत्तर (रसिक_जुना):
टाळीचा हा नियम सनातन नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. १८१३ साली व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला होता. आजची शांतता नंतर रुजलेली आहे. तरीही ती पाळावी, असेच माझे मत आहे. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग अशा जल्लोषात संपतो की मी पहिल्या खेपेस जोरात टाळ्या वाजवल्या; त्यानंतरचा शोकाकुल चौथा भाग ज्या निःशब्दतेतून उगवायला हवा होता, ती माझ्या हातून मोडली, याची खंत मला आजही वाटते.

तुमच्या द्वोर्झाकच्या बाबतीत तर अधिकच जपावे, कारण शेवटचा स्वरमेळ दणक्यात तुटत नाही. तो लांबवर धरलेला असतो आणि विरत विरत जातो. वाद्यवृंद-संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबा.

उत्तर (सनईवाला):
द्वोर्झाकचा दुसरा भाग, लार्गो (म्हणजे अतिसंथ लयीचा), मात्र कान टवकारून ऐका. आरंभी पितळी वाद्यांचे मंद, गंभीर स्वर येतात, आणि मग इंग्लिश हॉर्न एकट्याने एक संथ धून म्हणतो. नावात हॉर्न असले तरी ते ओबोचे थोरले भावंड, म्हणजे आपल्या सनईसारखेच दुहेरी पत्तीचे वाद्य आहे. आम्ही चार मित्र गेलो होतो तेव्हा शेजारच्याने त्या धुनेच्या दुसऱ्या ओळीवर माझे मनगट घट्ट धरले आणि भाग संपेपर्यंत सोडले नाही. या भागाचा शेवट नुसत्या डबल बासांवर (व्हायोलिनसारखी, पण सर्वांत मोठी, खर्जाची वाद्ये), इतक्या हलक्या स्वरात होतो की खोकल्याच्या गोळीचा कागदही ऐकू जाईल. गोळ्या आधीच सोडवून रुमालात ठेवा. चौथ्या भागात झांजवादकाकडे लक्ष असू द्या. अख्ख्या सिंफनीत तो एकदाच, तोही हळुवार, झांज वाजवतो.

ख्यालप्रेमी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या सज्ज्यात समोरची तीन तिकिटे आत्ताच काढली. लार्गोच्या वेळी मी दोघींच्या मध्ये बसेन.