अंडर-१७ चे हिरो पुढे जातात कुठे?

थ्रो-इन:
फुटबॉलच्या अंडर-१७ वर्ल्डकपमधल्या गोल्डन बॉलवाल्यांची, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंची, यादी काढून बसलोय. २००३ फॅब्रेगास, २००७ क्रूस, २०१७ फोडेन... वा, तिघेही पुढे मोठे झाले! पण १९९१ चा घानाचा लॅम्प्टी, ज्याच्यात लोकांना पुढचा पेले दिसत होता, तो कुठे गेला? २००१ मध्ये गोल्डन बॉल आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) दोन्ही नेणारा सिनामा-पोंगोल फ्रान्सच्या मुख्य संघाकडून जेमतेम एक सामना खेळला. मग या स्पर्धांतून खेळाडू ओळखता येतो की नुसती करमणूक? जाणकारांनो, बघताना नक्की काय बघता?

डावा पाय:
आधी गोल मोजायचं सोडा. २०१९ च्या अंडर-२० वर्ल्डकपमध्ये नॉर्वेच्या हालांडने होंडुरासला एकाच सामन्यात ९ गोल ठोकले, नॉर्वे १२-० ने जिंकलं. बाकीच्या दोन सामन्यांत त्याचा एकही गोल नाही, संघ साखळीतच गारद. तरी गोल्डन बूट त्यालाच! पोरगा पुढे मोठा झाला, पण त्या बुटावरून ते कळलं असतं असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप.

मी सामन्याआधी संघाची यादी उघडतो आणि जन्मतारखा बघतो. वयाची रेघ १ जानेवारीला मारलेली असते. त्यामुळे जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच गटात खेळतात, आणि त्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे खांद्याएवढा फरक. यादीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं बहुतेक वेळा जास्त भरतात ती उगाच नाही. एखादा डिसेंबरवाला मिडफिल्डला टिकून असेल तर मी त्याच्यावरची नजर काढत नाही.

आणि बॉल त्याच्याकडे यायच्या आधी बघा. पाठीला समोरच्या संघाचा माणूस चिकटलाय, पास निघालाय. हा दोनदा मान वळवून मागे बघतो, अंग अर्धं मैदानाकडे वळवून ठेवतो आणि पहिल्याच स्पर्शात बॉल मोकळ्या बाजूला नेतो. हे एकविसाव्या वर्षीही चालतं. बॉल पुढे ढकलून सुसाट पळणाऱ्या विंगरचं (कडेने खेळणाऱ्याचं) तसं नाही. पुढे समोरचे बचावपटूही तितकेच पळतात, मग करणार काय?

खडूस रेफ्री:
जन्मतारखा बघता, पण त्या खऱ्या कशावरून? वयचोरी विसरलात का?

डावा पाय:
विसरलो नाही हो. म्हणून तर फिफाने २००९ पासून अंडर-१७ मुलांच्या स्पर्धेत मनगटाचं एमआरआय आणलं. तिथल्या हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी पूर्ण जुळली असेल तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता फारच कमी. जन्मतारीख काही त्यातून कळत नाही, पण नुसत्या पासपोर्टवर भरवसा ठेवण्यापेक्षा बरं.

राखीव बाक:
एक राहिलं. यादीत फक्त आलेले दिसतात, न आलेले नाहीत. २०१७ च्या अंडर-१७ ला ब्राझीलच्या विनिसियसला त्याच्या फ्लमेंगो क्लबने सोडलंच नाही. इंग्लंडचा सान्चो आला, साखळी खेळला आणि बाद फेरीच्या तोंडावर त्याच्या डॉर्टमुंड या जर्मन क्लबने परत बोलावलं. क्लबला मोसम चालू असताना पोरं हवी असतात, त्यांचंही काही चुकत नाही म्हणा.

थ्रो-इन:
हे डोक्यातच नव्हतं! आता तर २०२५ पासून दरवर्षी ४८ संघ, १०४ सामने. सगळं बघणं शक्य नाही, सुरुवात कुठून करू?

डावा पाय:
नव्या स्पर्धेआधी एक जुना सामना पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत. २०१७ ची फायनल, इंग्लंड-स्पेन. इंग्लंड ०-२ ने मागे असताना फोडेन बॉल नसताना कुठे उभा राहतो तेवढंच बघत बसा. शेवटी इंग्लंड ५-२ ने जिंकतं. आता निकाल सांगूनच टाकलाय, तर गोलांकडे लक्ष जायचं कारण नाही.