मदत हवी आहे : पाचगणीच्या गारठ्यात टोमॅटिलोची रोपं बाहेर कधी लावू?

नमस्कार मंडळी. रसभरीच्या कुळातला, पातळ कागदासारख्या आवरणात फळ धरणारा मेक्सिकोचा हिरवा टोमॅटिलो लावतोय. जागा पाचगणीजवळ, तांबडी माती, दिवसभर ऊन, ठिबक आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला चार रोपं थेट वाफ्यात लावली. पानं जांभळट पडली, वाढ खुंटली, तीन मेली. उरलेल्या एकाला फुलं भरपूर आली, पण फळ एकही धरलं नाही. याला परागीभवनासाठी दुसरं झाड जवळ लागतं, हे नंतर कळलं. म्हणून यंदा आठ रोपं केलीत.

रोपं आत्ता पाच आठवड्यांची, कोकोपीटच्या ट्रेमध्ये, रात्री घरात ठेवतो. जानेवारीचा पहिला आठवडा चालू आहे आणि पहाटे थर्मामीटर ९-१० अंश दाखवतो. रात्रीचं तापमान सतत १० च्या वर राहिल्याशिवाय लावू नये हे माहीत आहे, पण फार थांबलो तर फळं ऐन जूनच्या पावसात सापडतील, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे झाड कुजलंच. शेडनेट आहे, पॉलिहाऊस परवडणारं नाही.

वाई-महाबळेश्वर पट्ट्यात टोमॅटो, मिरची करणाऱ्यांनी अनुभवावरून सांगा : जानेवारीअखेर रात्री झाकून लावू, की रोपं मोठ्या पिशव्यांत हलवून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबू?